घरी परतलेल्या मुलांची विचारपूस

मराठवाड्यात २०२३ या एका वर्षात शेतकऱ्यांच्या १,०८८ आत्महत्यांची सरकारदरबारी नोंद झाली. सर्वांत जास्त, म्हणजे २६९, बीड जिल्ह्यात. धाराशिवचा आकडा १७१. या नोंदीची वाट ठरलेली आहे. तलाठी येतो, पंचनामा होतो, सातबारा कुणाच्या नावावर आहे, सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहिलं जातं. मग जिल्हा समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये, त्यातले तीस हजार लगेच आणि सत्तर हजार ठेवीत. २००६च्या शासन निर्णयानं घालून दिलेला हा क्रम धाराशिव जिल्ह्यातल्या गावागावांत लोकांना तोंडपाठ झाला आहे.

या वाटेवर जे येतच नाहीत, त्यांच्याबद्दल हा लेख आहे. जमीन अजून वडिलांच्या नावावर असलेला बावीस वर्षांचा मुलगा. लग्न होऊन वर्षही न झालेली मुलगी. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या जोडप्याची मागे आजीकडे राहिलेली लेक. बारावीनंतर दोनदा ‘नीट’ परीक्षा देऊन घरी बसलेला विद्यार्थी. आणि या सगळ्यांत ज्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, पण जी वाचली, ती मुलं. मेलेल्यांची मोजदाद तरी होते. वाचलेल्यांची सिव्हिल रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, होते, पोलीस जबाब घेतात, चार-आठ दिवसांत सुटी मिळते, आणि घरी आल्यावर सगळे मिळून ती गोष्ट झाकून टाकतात. आत्महत्येच्या धोक्याचा जगभर जेवढा अभ्यास झाला आहे, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ज्यानं एकदा प्रयत्न केला आहे, त्याला पुढचा धोका सर्वांत मोठा असतो. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त सोबत हवी, त्याच्याकडेच आपली यंत्रणा आणि आपला समाज पाठ फिरवतो.

येडशी हे या प्रश्नाकडे पाहण्यासाठी चांगलं ठिकाण आहे. बालाघाटाच्या रांगेत, रामलिंगच्या घाटाशेजारी वसलेलं हे मोठं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता इथं एकमेकांना भेटतात, रेल्वे स्थानक आहे, धाराशिव शहर वीसेक किलोमीटरवर. म्हणजे हे आडवळणी खेडं नव्हे, फाट्यावरचं गाव आहे. इथल्या भागातली मुलं एका रस्त्यानं लातूरला क्लासला जातात, दुसऱ्यानं पुण्याला एमपीएससीच्या अभ्यासिकेत, तिसऱ्यानं आईवडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर. जे जातात त्यांच्यावर घराच्या अपेक्षांचं ओझं, जे राहतात त्यांच्यावर सोयाबीनच्या भावाचं आणि पावसाचं. तरुण मनावर येणारे बहुतेक ताण या एका चौकातून जाताना दिसतात.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबानं २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, २२,७४६. मरणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक १८ ते ३० या वयाचे होते. देशभरात १३ हजारांवर विद्यार्थी होते आणि त्यातही महाराष्ट्र सर्वांत पुढे. ही पोलिसांकडे आलेली नोंद. प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या देशव्यापी अभ्यासात २०१० सालच्या मृत्यूंचा अंदाज १,८७,००० होता. त्याच अभ्यासातला याहून महत्त्वाचा निष्कर्ष वयाचा आहे: आत्महत्येनं मरणाऱ्या पुरुषांपैकी ४० टक्के आणि स्त्रियांपैकी ५६ टक्के १५ ते २९ या वयातले. आपल्या मनात मात्र आत्महत्या म्हटलं की पन्नाशीचा कर्जबाजारी शेतकरी उभा राहतो. त्याचं दुःख खरंच आहे, पण त्याच्या सावलीत पोरंपोरी दिसेनाशी झाली आहेत.

प्रयत्नांची मोजणी आणखी अवघड. एका मृत्यूमागे वीसहून अधिक प्रयत्न असू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. आपल्याकडे हा गुणाकार जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण ग्रामीण भागात हाताशी असलेलं साधन फार घातक आहे. दुसऱ्या देशात जो प्रयत्न होऊन मूल वाचलं असतं, तो इथं मृत्यूच्या खात्यात जातो. म्हणून आपल्याकडे वाचलेल्या आणि न वाचलेल्या मुलांच्या मनःस्थितीत लोक समजतात तेवढं अंतर नसतं. कित्येकदा फरक असतो तो घोटाचा, वेळेवर मिळालेल्या गाडीचा आणि रुग्णालयाच्या अंतराचा.

मराठी-कोकणी मुलखात तरुणांच्या प्रयत्नांचा जो नीट अभ्यास झाला, तो गोव्यातला. शहरांतल्या आणि खेड्यांतल्या १६ ते २४ वयाच्या ३,६६२ मुलामुलींशी बोलून केलेली ही पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच्या तीन महिन्यांत आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न असल्याचं सांगणारे सुमारे ४ टक्के निघाले, आणि मुलींचं प्रमाण मुलांच्या कितीतरी पट. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत शाळा-कॉलेज सुटलेलं असणं, घरात मार खाणं, लैंगिक अत्याचार सोसलेला असणं आणि नैराश्य-चिंतेचा त्रास या ठळक होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त कारणं मुलाच्या डोक्यात नव्हती, त्याच्या घरात आणि भोवताली होती. अरब देशांत शाळकरी मुलांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांतही याच्या जवळचंच चित्र आहे: जवळचा मित्र नसणं, इतरांकडून छळ होणं, आईवडिलांना आपलं दुःख कळत नाही असं वाटणं. भाषा, धर्म, हवामान वेगळं. पण घराची अब्रू हा शब्द तिथल्या आणि इथल्या मुलीच्या गळ्याभोवती सारखाच आवळला जातो.

मुलींविषयी थोडं थांबून बोलायला हवं. जगात आत्महत्येनं मरणाऱ्या स्त्रियांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक एकट्या भारतातल्या, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानं सांगितलं. लग्न हे पुरुषाला काही प्रमाणात सांभाळून घेतं, आपल्याकडच्या तरुण स्त्रीला मात्र तसं सांभाळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि मराठवाड्यातल्या कित्येक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आईवडील कोयत्यावर गेले की वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग उचल घेतली की सोयरीक उरकायची. शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात, नवं घर, नवऱ्याची दारू, हुंड्याचं राहिलेलं बोलणं, माहेरी जायचं तर आई कारखान्यावर. या मुलीनं काही करून घेतलं आणि ती वाचली, तर दोन्ही घरं मिळून एकच जबाब ठरवतात: चुकून झालं. त्या जबाबामुळे नवरा सुटतो, सासर सुटतं, माहेरही सुटतं. तिची मात्र सुटका होत नाही, कारण आजारच नाही म्हटल्यावर उपचार कसले?

मुलांचं दुखणं वेगळं. दोन-तीन एकर कोरडवाहू, त्यात भावांची वाटणी. शिक्षण पदवीपर्यंत, नोकरी नाही, आणि शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही. तिशी आली तरी स्थळ जुळत नाही, याचा सल गावोगावच्या मुलांना किती खोल लागतो, हे त्यांच्याशी दहा मिनिटं मोकळेपणानं बोललं तरी कळतं. त्यावर दारू आणि मोबाइलवरचा जुगार. धोका एकेका कारणानं येत नाही, कारणं एकावर एक रचली जातात. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर श्रीजित मिश्र यांनी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: कर्ज बहुतेक ठिकाणी होतं, पण एकटं क्वचितच होतं.

परीक्षेबद्दल मात्र आपल्या बोलण्यात थोडी दुरुस्ती हवी. निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रं परीक्षेच्या ताणाबद्दल भरभरून लिहितात. पण पोलीस नोंदीत परीक्षेतलं अपयश हे कारण एकूण आत्महत्यांच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास येतं. कौटुंबिक कलह हे कारण तीस टक्क्यांच्या पुढे. याचा अर्थ परीक्षा बिनमहत्त्वाची असा नाही. मुळात ही नोंदच एक कारण एका रकान्यात कोंबते, आणि नापास झाल्यावर घरात जे घडतं ते कौटुंबिक कलहात जमा होतं. परीक्षेच्या बाबतीत आपल्या राज्यानं एक शहाणपणाचं काम केलं आहे, त्याची दखल घ्यावीशी वाटते. २०१५ पासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांची फेरपरीक्षा लगेच जुलैत होऊ लागली. पूर्वी पोराचं आख्खं वर्ष जायचं, आता महिना-दीड महिना. तामिळनाडूत हाच उपाय त्याआधी झाला होता. एका निर्णयानं लाखो मुलांच्या डोक्यावरचं ‘सगळं संपलं’ हे वाक्य सैल होतं. असे उपाय समुपदेशकाची वाट पाहत नाहीत.

नीट-जेईईचं काय? लातूर पॅटर्ननं या भागातल्या सामान्य घरांतल्या मुलांना डॉक्टर केलं, हे खरं आहे आणि त्याबद्दल अभिमान वाटावा असंच आहे. पण ज्या खोलीत चार मुलं राहतात, त्यातल्या एकाला प्रवेश मिळतो. उरलेल्या तिघांसाठी कुठलाही पॅटर्न नाही. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली; शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायलाच हवा, हे त्यांतलं एक. लातूरच्या मोठ्या क्लासेसना हे परवडेल. येडशी परिसरातल्या शाळांनी असा माणूस आणायचा कुठून, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मुलांना बोलायला जागा देण्यात आणि गावातल्याच माणसांना तयार करण्यात आहे, असं मला वाटतं. युरोपातल्या दहा देशांत ११ हजारांवर विद्यार्थ्यांबरोबर झालेल्या ‘सेली’ या प्रयोगात, मुलांनाच भूमिका करायला लावून, चर्चा घडवून मनाच्या अडचणी ओळखायला शिकवणारा थोड्या तासांचा कार्यक्रम घेतला गेला. वर्षभरानं त्या शाळांत आत्महत्येचे प्रयत्न इतर शाळांच्या निम्मे होते. फक्त शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं, त्या शाळांत एवढा फरक पडला नाही. शिक्षकानं मुलांवर पहारा ठेवण्यापेक्षा मुलांना एकमेकांशी बोलायला जागा मिळाली की काम होतं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ‘सेहेर’ प्रयोगात शाळेत नेमलेल्या साध्या, स्थानिक समुपदेशकांनी शाळेचं वातावरण बदललं आणि मुलांमधलं नैराश्य कमी झालं, हेही इथं आठवावं.

आता साधनांकडे येतो, कारण ग्रामीण महाराष्ट्रात प्रतिबंधाचा सर्वांत सुपीक भाग हाच आहे. तरुणांचे बरेच प्रयत्न आधी ठरवून केलेले नसतात. भांडण होतं, अपमान होतो, आणि त्या घटकेत हात जातो तो घरातल्या फवारणीच्या औषधाकडे. ती घटका टळली तर बहुतेक मुलं पुढे जगतात. एकदा टळलं तरी माणूस दुसरी वाट काढतोच, हा समज अनुभवाला धरून नाही. श्रीलंकेनं १९९५ पासून सर्वांत विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली. वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला, आणि पिकांच्या उत्पादनाला त्याचा फटका बसला नाही. त्याच श्रीलंकेत १८० गावांत घरोघर कुलपाची पेटी देऊन पाहिली, तर काही फरक पडला नाही. पेटी घरातच, किल्लीही घरातच. लक्ष्मी विजयकुमार आणि चेन्नईच्या ‘स्नेहा’ संस्थेनं तामिळनाडूतल्या गावांत औषध घरात न ठेवता गावाच्या सामायिक लॉकरमध्ये ठेवायची सोय केली, तो प्रयोग आशादायक ठरला. भारतात २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली, पुढेही काही रसायनं बाद झाली. कृषी सेवा केंद्रातून उरलेलं औषध घरी न येता शेतात, सोसायटीच्या गोदामात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत राहिलं पाहिजे. द्राक्ष आणि सोयाबीनच्या पट्ट्यात, जिथं फवारणी हे रोजचं काम आहे, तिथं हे एवढंच केलं तरी कितीतरी आया आपल्या लेकरांना पुढच्या सणाला जेवायला वाढतील.

बातम्यांबद्दल एकच सांगतो. भारतीय प्रेस परिषदेनं २०१९ मध्ये नियम स्पष्ट केले आहेत: पद्धतीचं वर्णन नको, चिठ्ठी नको, पहिल्या पानावर भडक मथळा नको. वर्तमानपत्रं आता बरीच सांभाळून लिहितात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र अर्ध्या तासात फोटो फिरतो, आणि तो पाहणाऱ्यांत त्याच वयाची, त्याच चिंतेची मुलं असतात.

उपचारांच्या बाबतीत धाराशिव अगदी रिकामं नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारनं बळीराजा चेतना अभियान सुरू केलं ते उस्मानाबाद (आजचं धाराशिव) आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत. त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. आशाताई घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारतात आणि गरज असलेल्याला रुग्णालयात पाठवतात. विनायक हेगाणा यांच्या पुढाकारानं जिल्ह्यात ‘शिवार’ हेल्पलाइन उभी राहिली. २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राची टेलि-मानस सेवा आली. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. या प्रयत्नांची एक मर्यादा मात्र आहे: बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शेतकरी कुटुंबप्रमुख आहे. त्याच्या घरातली सतरा वर्षांची मुलगी त्या प्रश्नावलीत आपोआप येत नाही.

साध्या माणसांना शिकवून काम होतं, हे आता वादाचं राहिलेलं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम चालला. गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, घरभेटी दिल्या, गरज पडेल तेव्हा डॉक्टरांची गाठ घालून दिली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. पुण्याच्या सौमित्र पाठारे यांच्या चमूनं ‘आत्मीयता’ हे काम नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांतून सुरू केलं, तेही गावातल्याच स्त्री-पुरुषांच्या बळावर. मनोविकारतज्ज्ञ कमी आहेत ही अडचण खरी आहे, पण तेवढ्यावर हात टेकायचं कारण नाही.

आणि कायद्यानं तर दार उघडूनच दिलं आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा दीडशेहून अधिक वर्षं गुन्हा होता. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि त्याच्या कलम ११५नं सांगितलं, की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये. जुलै २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली आणि जुनं कलम ३०९ गेलं. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतंच वेगळं कलम उरलं. जॉर्डननं २०२२ मध्ये उलट पाऊल टाकलं आणि सार्वजनिक ठिकाणच्या प्रयत्नाला शिक्षा ठरवली. आपण बऱ्या रस्त्यावर आहोत. पण कलम ११५ला दुसराही भाग आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही: अशा माणसाला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देऊन पुन्हा तसं होण्याचा धोका कमी करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. गावात अजूनही पोलिसांच्या भीतीनं पोराला उशिरा दवाखान्यात नेतात. शिक्षा गेली हेच लोकांना कळलेलं नाही. हक्क मिळाला हे तर दूरच.

हे कर्तव्य पार पाडायला फार मोठा खर्च येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नई, कोलंबो, इराणमधलं कराज, ब्राझीलमधलं कांपिनास आणि चीनमधलं युनचेंग अशा पाच ठिकाणी १,८६७ वाचलेल्या माणसांबरोबर एक प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याबरोबर एक तासाचं मोकळं बोलणं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा विचारपूस, भेटीनं किंवा फोननं. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात आणि मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. दीड वर्षानंतर आत्महत्येनं गेलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.२ टक्के होतं. येडशीच्या पंचक्रोशीत पेरणीच्या दिवसांत वाचलेल्या मुलाच्या बाबतीत हे नऊ टप्पे पुढच्याच्या पुढच्या संक्रांतीपर्यंत जातात. मधे दोन खरीप, दोन दिवाळ्या, एक निकाल, कदाचित एक मोडलेली किंवा जुळलेली सोयरीक. पडायच्या जागा कुठे आहेत हे ठाऊक असलेल्या कुणीतरी त्या काळात नऊदा विचारायचं: झोप लागते का, जेवण जातं का, तो विचार परत आला का? असं थेट विचारल्यानं मुलाच्या डोक्यात विचार भरत नाही. उलट ज्याला कुणीच विचारलं नाही, त्याला पहिल्यांदा बोलता येतं.

अडचण आहे ती गुपिताची. आशाताई शेजारच्याच गल्लीतल्या असतात. त्या घरी येऊ लागल्या की चर्चा होते, आणि मुलीच्या घरचे धास्तावतात, धाकटीचं स्थळ मोडेल म्हणून. त्यामुळे आशाताईंच्या जोडीला जिल्हा रुग्णालयातून येणारा फोन हवा. सुटीच्या कागदावर पुढच्या भेटीची तारीख आणि १४४१६ छापलेलं हवं. आणि तो फोन कुणाच्या मोबाइलवर यावा, हे त्या मुलानं किंवा मुलीनं स्वतः ठरवायला हवं. घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांच्या खिशात, अशी मुलगी असेल, तर तिला विश्वास वाटतो त्या बाईंचा नंबर घ्यावा, मग त्या शाळेतल्या असोत, बचत गटातल्या असोत की तिच्या मामी असोत.